रेघेआधीचे प्रश्न

ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साधी रेघ काढा आणि पडद्याच्या तळाशी असलेल्या कमांड लाइनकडे नीट पाहा. ‘लाइन’ म्हटलं की ती विचारते, पहिला बिंदू कुठे? तो दिला की, पुढचा कुठे? मग त्याच्या पुढचा? एंटर दाबेपर्यंत ती विचारतच राहते. वर्तुळ काढायचं तर केंद्र कुठे, त्रिज्या किती. लेअर, म्हणजे रेघांचा थर, बदलायचा तर कोणता. घराचा एक नकाशा म्हणजे अशा असंख्य सवाल-जवाबांची बेरीज असते. ड्राफ्ट्समनचा बराच वेळ तेच ते प्रश्न झेलण्यात आणि तीच ती उत्तरं देण्यात जातो. ही उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात, ही मला या सगळ्या तंत्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

तेच ते काम पुन्हा न करण्याची ही ओढ पडद्यावरच्या चित्रकलेइतकीच जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’वरचा आपला प्रबंध सादर केला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवून ते आकृत्या काढत. त्यांनी एक षटकोन काढला, त्याच्या प्रती जोडून एक पुंजका केला, मग त्या पुंजक्याच्याच प्रती जोडल्या. अर्ध्या तासाच्या आत नऊशे षटकोनांची जाळी तयार! हातानं तीच जाळी काढायला दोन दिवस लागतील, असा तिथल्या ड्राफ्टिंग विभागाचा अंदाज होता. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. मूळ आकृती बदलली की तिची प्रत्येक प्रत आपोआप बदलत होती. आजच्या ऑटोकॅडमधला ‘ब्लॉक’, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची आकृती, याच कल्पनेच्या कुळातला.

ऑटोकॅड आलं १९८२ मध्ये. त्यातल्या काही सोयी इतक्या साध्या आहेत की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. स्पेसबार एंटरचं काम करतो, त्यामुळे डावा अंगठा जागचा हलवावा लागत नाही. काहीही न लिहिता एंटर दाबलं की मागचीच कमांड परत सुरू होते. कोपरा गोलावणारं ‘फिलेट’ करताना शिफ्ट दाबून दुसरी रेघ निवडली तर त्रिज्या शून्य धरली जाते आणि दोन रेघा काटकोनात असोत वा नसोत, टोकाला टोक जुळून कोपरा नेटका होतो. कमांडची लघुरूपं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ती उघडून आपल्या बोटांना सोयीची अक्षरं आपणच ठरवायची. रोजच्या कामाच्या दहा-बारा कमांड डाव्या हाताखाली आणल्या की उजवा हात माऊसवरून उठतच नाही.

खरी जादू मात्र बटणामागच्या मॅक्रोत आहे. मॅक्रो म्हणजे चिन्हांची एक छोटी ओळ. सुरुवातीचं कंट्रोल-सी अर्धवट राहिलेली कमांड रद्द करतं. अर्धविराम म्हणजे एंटर. कमांडच्या नावाआधी आडवी रेघ दिली तर ‘लेअर’ची खिडकी उघडत नाही आणि प्रश्न तळाच्या ओळीतच येतात, म्हणजे त्यांची उत्तरं मॅक्रोला देता येतात. नावाआधी खालची रेघ दिली तर जर्मन ऑटोकॅडसुद्धा ती इंग्रजी कमांड ओळखतं! आणि उलटी तिरकी रेघ आली की मॅक्रो थांबतो, कारण आता बिंदू माणसानं दाखवायचा असतो.

ते थांबणं मला फार सुंदर वाटतं. कुठला लेअर, कुठला रंग, किती जाडी, हे ठरलेलं आहे. ते पुन्हा विचारण्यात अर्थ नाही. दार कुठे येणार हे मात्र बटणाला कळणार नाही. चांगला मॅक्रो लिहिताना नेमकी हीच निवड करावी लागते.

याच्या पुढची पायरी ऑटोलिस्प. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प ही भाषा कल्पिली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांनी ती आपलीशी केली. तिचंच एक रूप १९८० च्या दशकाच्या मध्यावर ऑटोकॅडमध्ये येऊन बसलं. समजा, एखाद्या प्लेटमध्ये बोल्टची भोकं दाखवायची आहेत. प्रत्येक भोकाला एक वर्तुळ, त्याच्या बाहेर थोड्या डोकावणाऱ्या दोन मध्यरेषा, आणि त्यांच्यासाठी लेअर बदलून परत मूळ लेअरवर येणं. हातानं केलं तर दर भोकाला या साऱ्या पायऱ्या आल्याच. ऑटोलिस्पमध्ये काही ओळी लिहिल्या की प्रश्न उरतात दोनच: केंद्र कुठे आणि व्यास किती. मध्यरेषांची टोकं व्यासावरून गणितानं निघतात. व्यास सगळीकडे सारखा असेल तर तोही एकदाच सांगायचा आणि मग नुसतं टिचक्या मारत जायचं.

अशा प्रोग्रामच्या आरंभी आणि अखेरी ‘अनडू’च्या, म्हणजे केलेलं मागे घेण्याच्या, दोन खुणा घालायला विसरू नये. त्या नसतील तर चुकलेलं एक भोक पुसायला वर्तुळ, रेषा, लेअर असं एकेक पाऊल मागे जावं लागतं. त्या असतील तर आतल्या सगळ्या कमांड मिळून एकच पाऊल मानलं जातं आणि एका ‘यू’ कमांडमध्ये अख्खं भोक मध्यरेषांसकट निघून जातं.