कूलरचा थर्मोस्टॅट तुम्हीच!

मे महिना, दुपारचे तीन. जालन्यात अंबड चौफुलीकडची कुठलीही वरच्या मजल्यावरची रूम घ्या. तिघांत मिळून घेतलेला एक पत्र्याचा कूलर, टाकी काठोकाठ भरलेली, आवाज विमानासारखा. आणि तरी पाठ गादीला चिकटतेय. सेमिस्टरचे पेपर चालू आहेत आणि वहीवर घामाचे थेंब पडतायत. मग आपण काय करतो? कूलरला दोन थपडा मारतो, टाकीत बर्फ टाकतो आणि खिडक्या-दारं गच्च लावून घेतो.

तिन्ही उपाय फुकट. तिसरा तर उलटा.

यूट्यूबवर ‘रूम गार होत नाही’ असं टाकून बघा. भिंतीवरच्या स्मार्ट थर्मोस्टॅटचे व्हिडिओ समोर येतात. वायर अशी तपासा, ॲप तसं रीसेट करा. आपल्या भिंतीवर काय असतं? पंख्याचा रेग्युलेटर आणि आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला खिळा. थर्मोस्टॅटचं काम एवढंच, की खोली किती गार झाली ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे मशिन चालू-बंद करायचं. कूलरला ही अक्कल नसते. ती आपल्याला वापरावी लागते.

आधी खिडकी उघडा

एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, म्हणून तिथे दार बंद. कूलरचं तसं नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाण्याची वाफ होते, वाफ होताना हवेतली उष्णता जाते. पण ती वाफ खोलीत येते ना! ती बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली दमट होते आणि घाम सुकायचं नाव घेत नाही. चिकचिक होते ती याचीच. म्हणून कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवं. कूलर खोलीतच ठेवला असेल तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. जागा नसेल तर किमान त्याची पाठ उघड्या खिडकीला लावा.

जमलं तर आकडेही लक्षात ठेवा. पारा 42 वर आणि हवेत आर्द्रता 20 टक्के असेल, तर पाण्याच्या जोरावर हवा फार तर 24 अंशांपर्यंत उतरू शकते. बरा कूलर 28-29 पर्यंतची हवा देतो. तोच कूलर जूनच्या ढगाळ दिवशी, पारा 35 आणि आर्द्रता 60 टक्के असताना, जेमतेम 30 ची हवा देणार. तो बिघडलेला नसतो. हवेलाच आणखी पाणी नको असतं. अशा दिवशी पंप बंद करा, नुसता पंखा चालवा.

आणि बर्फ? एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या साधारण सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं. तो बर्फ सरबतात टाका.

खरंच बिघडलाय का?

खिडकी उघडूनही गरमच हवा येत असेल तर बटण बंद करा, प्लग काढा आणि बाजूची जाळी खोलून गवत बघा. सगळं सारखं भिजलंय की मधे कोरडे पट्टे आहेत? कोरड्या पट्ट्यातून गरम हवा थेट आत येते. वरच्या पाइपाची भोकं क्षारानं बुजलेली असतात, ती तारेनं मोकळी करा. पंपाच्या तोंडाची जाळी कचऱ्यानं तुंबते, तीही धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर गवतावर पांढरा थर चढतो. वाफ होऊन पाणी उडतं पण क्षार टाकीतच राहतात, आणि आपण वरून नवीन पाणी ओततच राहतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी केली तर गवत जास्त टिकतं. थर दगडासारखा झाला असेल तर घासत बसू नका, नवीन गवत टाका.

पंखा हळू फिरतोय, हातानं ढकलल्यावरच सुरू होतोय? बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. मेस्त्री लोक त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. काम किरकोळ आहे, त्यासाठी नवीन मोटारीचे पैसे देऊ नका. फक्त संध्याकाळीच हळू होत असेल तर दोष व्होल्टेजचा, कारण त्या वेळी अख्ख्या गल्लीचे कूलर सुरू असतात.

टाकी रिकामी करण्याचं आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून द्यायचं नाही, आतून घासायचं.

पाण्याचा हिशोब

भर दुपारी मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडवतो. म्हणजे दोन तासांत एक मोठी बादली. पुण्यातल्या मित्राला हे सांगितलं तर तो ‘बरं’ म्हणेल. जालन्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. शहराला पाणी मुख्यतः जायकवाडीहून येतं, जोडीला घाणेवाडीचा तलाव. 2012-13 च्या दुष्काळात राज्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेत होतो, आणि टँकरमागे धावणारे हंडे आठवायला अल्बम उघडावा लागत नाही. नळाला पाणी कधी येणार हे रूमवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. अशा गावात दिवसभर पंप चालू ठेवून कॉलेजला निघून जाणं मला तरी पटत नाही.

इथे तुमचा थर्मोस्टॅट कामाला येतो. गवत पूर्ण भिजलं की पंप थोडा वेळ बंद केला तरी हवा गार येते, गवत सुकायला लागलं की पुन्हा चालू. रात्री दहानंतर बाहेरची हवा खोलीपेक्षा गार असते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा उष्णता आत सोडत असतो. त्या वेळी पंप बंद, पंखा चालू, खिडक्या उघड्या. आजोबांच्या माळवदाच्या घराला ही कसरत लागायची नाही. पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन वरच्या वर अडवायचा. स्लॅबला निदान चुन्याचा हात द्यायला घरमालकाला सांगून बघा. चुना स्वस्त असतो, घरमालक ऐकतीलच असं नाही.

रूमवर एसी असेल तर (तुमची मजा आहे) दोनच गोष्टी. 16 वर लावल्यानं साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त जास्त वेळ थांबत नाही. जानेवारी 2020 पासून नव्या एसींना सुरुवातीचं तापमान 24 ठेवणं बंधनकारक आहे, ते उगाच नाही. 24 वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. स्मार्ट एसी ॲपला सापडत नसेल तर वायफाय बघा. अशी बरीच यंत्रं फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर जोडली जातात आणि फोन 5 वर असतो.

अंगावर येणारा कूलर

हा भाग घाईत वाचू नका. मराठवाडा-विदर्भात एकही उन्हाळा कूलरचा शॉक लागून गेलेल्या माणसाच्या बातमीशिवाय जात नाही. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप, खाली ओली फरशी आणि आपण अनवाणी. पंपाच्या वायरला टेपचा जोड असेल तर एवढं पुरेसं आहे.

प्लगला तीन पिना आहेत ना, ते आज बघा. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून जाड पिन कापून टाकण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती पिन अर्थिंगची असते. पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जाण्याचा रस्ता तोच. तो कापला की रस्ता आपल्या अंगातून जातो. पिन असली तरी सॉकेटच्या मागे अर्थिंगची वायर जोडलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात? टेस्टर पेटतो? तो कूलर तिथेच बंद. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका.

पाणी भरताना प्लग काढायचाच. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं आणि बटण बंद असूनही आत करंट राहतो. एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित, हाही गैरसमज. एमसीबी वायरिंग वाचवते. माणसासाठी आरसीसीबी लागते, जी 30 मिलिअँपिअर करंट गळाला तरी क्षणात वीज तोडते. अख्ख्या फ्लॅटला एक पुरते. चौघांनी मिळून घरमालकाकडे मागा, एकट्याचं कुणी मनावर घेत नाही.

कुणी कूलरला चिकटलेलं दिसलं तर हात लावून ओढू नका. आधी मेन स्विच. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं त्याला बाजूला करा. मग 108 ला फोन. श्वास नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहा. आणि मेन स्विच कुठे आहे, हे रूममधल्या सगळ्यांना आज रात्रीच दाखवून ठेवा. बऱ्याच जागी तो खाली जिन्याजवळ असतो आणि त्याची किल्ली घरमालकाकडे.