प्रयोगशाळेच्या नकाशातील सुरक्षितता

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा पहिला नकाशा तयार होतो, तेव्हा त्यावर भिंती, दारे, खिडक्या आणि कामाचे ओटे दिसतात. त्या खोलीत कोणती विद्रावके उघडली जातील, ती किती तापवली जातील आणि एका वेळी किती माणसे तेथे वावरतील, हे मात्र त्यावर कोठेही लिहिलेले नसते. आरोग्य व सुरक्षितता तज्ज्ञाचे काम येथूनच सुरू होते. वास्तुविशारद जागेचा विचार करतो आणि तज्ज्ञ त्या जागेत घडणाऱ्या कृतींचा. म्हणून संशोधकांकडून पदार्थांची व प्रक्रियांची यादी मिळवणे, ही त्याची पहिली पायरी असते.

या यादीवरून सर्वप्रथम ठरते ती फ्यूम हूडची जागा. फ्यूम हूड म्हणजे समोर सरकती काच असलेले आणि आतली दूषित हवा पंख्याने ओढून छपरावर सोडणारे कपाट. त्याच्या उघड्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण 0.5 मीटर वेगाने आत शिरावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा वेग मंद झुळकेइतकाच असतो, तर सहज चालणारा माणूस सेकंदाला एक मीटरहून अधिक अंतर कापतो. त्यामुळे हूड दाराजवळ किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर असला, तर जाणाऱ्याच्या मागे उठणारा झोतसुद्धा आतली वाफ बाहेर खेचू शकतो. पंख्याचा वेग वाढवूनही हा दोष जात नाही, कारण वेग फार वाढला की हूडसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगालगत भोवरे निर्माण होतात आणि वाफ त्याच्याच श्वासाकडे वळते. हूड दारापासून दूर ठेवल्याने आणखी एक गोष्ट साधते: त्यात आग लागली, तरी बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा राहतो.

आपत्कालीन शॉवर नकाशावर एका छोट्या वर्तुळाने दाखवला जातो, परंतु त्यामागचा हिशोब मोठा असतो. अंगावर आम्ल सांडलेला माणूस दहा सेकंदांत तेथे पोहोचला पाहिजे आणि पाणी सलग 15 मिनिटे वाहिले पाहिजे, असे या उपकरणांविषयीचे अमेरिकी मानक सांगते. मिनिटाला सुमारे 75 लिटर या प्रमाणात हे पाणी 1,100 लिटरांवर जाते. म्हणजे तेवढा साठा, जमिनीचा उतार आणि निचऱ्याची वाट यांची सोय फरशी बसवण्यापूर्वीच करावी लागते. पाण्याचे तापमान 16 ते 38 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, असेही हेच मानक सांगते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतील पाणी किती तापते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

द्रवरूप नायट्रोजनचा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. एक लिटर द्रवापासून सुमारे 700 लिटर वायू तयार होतो आणि लहान, बंद खोलीत तो प्राणवायूला बाजूला सारतो. म्हणून साठवणीच्या खोलीला स्वतंत्र वायुवीजन, प्राणवायू मोजणारे धोकासूचक यंत्र आणि नळकांडी नेताना माणसांविना चालवता येईल अशी लिफ्ट, या तिन्ही गोष्टी आराखड्यातच याव्या लागतात.

बांधकाम संपल्यावर हूडसमोर धूर सोडून तो पूर्णपणे आत ओढला जातो का, हे पाहिले जाते; कडक चाचणीत हूडच्या आत मापक वायू सोडून समोर उभ्या केलेल्या पुतळ्याच्या नाकाशी त्याचे प्रमाण मोजतात. मात्र या टप्प्यावर सापडलेला दोष दूर करायचा, तर छत उघडून हवेच्या नळ्या हलवाव्या लागतात, आणि तेवढा पैसा व वेळ उरला नसल्याने पुष्कळदा भिंतीवर सूचनाफलक लावून आणि कामगारांना मुखवटे देऊन वेळ निभावली जाते. धोका मुळातच टाळणे किंवा रचनेने अडवणे, हे उपाय माणसाच्या सावधगिरीवर विसंबणाऱ्या उपायांपेक्षा अधिक भरवशाचे असतात. म्हणून प्रयोगशाळा बांधणाऱ्या प्रत्येक संस्थेने सुरक्षितता तज्ज्ञाला पहिल्या नकाशाच्या बैठकीलाच बोलवावे.