एका हेक्टरावरचा पाऊस

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले की चिकलठाण्यानंतर शेंद्रा लागते. इथल्या औद्योगिक वसाहतीला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून. १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचे हे पाणी चढावर उपसून आणावे लागते. वसाहतीच्या कुंपणाबाहेरची शिवारे मात्र मुख्यतः पावसावर आणि त्या पावसाने भरणाऱ्या विहिरींवर जगतात. एकाच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन जगांना पाणी पुरवणाऱ्या व्यवस्था इतक्या वेगळ्या आहेत.

या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे सरासरी वर्षात एका हेक्टरावर ७० लाख लिटर पाणी पडते. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हे पाणी साडेतीनशे माणसांना वर्षभर पुरेल. एका हेक्टराचे! गावाच्या शिवारात असे शेकडो हेक्टर असतात, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मग ते पाणी जाते कुठे?

पहिले उत्तर खडकात आहे. मराठवाड्याच्या मोठ्या भागाखाली बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. विहीर खणणाऱ्यांना ते चांगले ठाऊक असतात : वर माती, मग मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि खाली काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. ही जागा फार थोडी असते. अशा खडकाच्या शंभर घनमीटरांतून साधारण एक ते तीन घनमीटर पाणीच विहिरीला मिळते. म्हणून चांगल्या पावसाने विहीर झटपट भरते आणि उपसा वाढला की तितक्याच झटपट तळ गाठते. गंगेच्या मैदानातल्या खोल गाळाचे नियम इथे चालत नाहीत.

दुसरे उत्तर हिशेबात आहे, आणि विद्यापीठांची खरी गरज तिथेच पडते. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र आहे. प्रा. मिलिंद सोहनी आणि त्यांचे सहकारी तिथे एक आग्रह धरत आले आहेत : विद्यार्थ्याने गावात जावे, नळयोजना का बंद पडली ते शोधावे, विहिरी मोजाव्यात आणि त्याचाच प्रबंध लिहावा. २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, त्यामागेही आपल्या जिल्ह्याचे प्रश्न जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी अभ्यासावेत हाच विचार होता. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. टंचाई आराखडा तहसीलमध्ये तयार होतो आणि अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम दुसरीकडेच चालतो. दोन्हींची गाठ पडली तर दोघांचेही भले होईल.

या कामाचा सर्वांत मोठा विस्तार झाला तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सुरुवातीला मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांसह १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे होती. इतक्या गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने तयार केली.

ती पद्धत थक्क करणारी आहे. शिवार नकाशावर लहान लहान तुकड्यांत विभागले जाते. प्रत्येक तुकड्याची मातीची जात, खोली, उतार आणि पीक नोंदले जाते. त्यात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा रोजचा पाऊस घातला जातो. मग संगणक जूनपासून दिवसागणिक हिशेब करत जातो : आज पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून गेले, किती मातीत मुरले, पिकाने किती घेतले, मातीची तहान भागून किती खाली खडकात उतरले. पिकाला हवे होते किती आणि मिळाले किती, यातला फरक म्हणजे त्या पिकाची तूट. ही सारी गणिते मोफत मिळणाऱ्या नकाशा-प्रणालीवर चालतात.

त्यामुळे एक जुना गैरसमज दूर होतो. वर्षाचा पाऊस सरासरीइतका झाला म्हणून पीक सुखरूप आहे असे नाही. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला की हलक्या, उथळ मुरमाड जमिनीवरचा कापूस माना टाकतो, तर शेजारच्याच खोल काळ्या जमिनीवरचा तग धरतो. एकाच गावात एकाच पावसात दोन निकाल लागतात. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आता ते आकड्यांत आले, म्हणून बांध, नालाबंडिंग आणि शेततळ्याची जागा ठरवताना त्याला वजन आले.

जवळच्या संस्थांचाही या कामाला आधार आहे. संभाजीनगरची ‘वाल्मी’ १९८० पासून पाणी आणि जमीन व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ रुंद वरंबा सरीसारख्या पद्धती शिवारात नेते. या पद्धतीत पाणी सरीत थांबते आणि अतिवृष्टीत जादा पाण्याला वाटही मिळते.

शेततळ्यांची गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. खंडाच्या काळात ५० मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी चार हेक्टरांना देता येईल इतका हा साठा आहे. वाहून जाणारे पाणी अडवून तळे भरले तर ते पिकाचा जीव वाचवते. पण तळे दुसऱ्या पाण्याने भरले तर काय होते, हे शेंद्र्याहून पुढे जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत दिसते. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने झालेल्या पाणलोटाच्या कामामुळे आणि द्राक्षबागांमुळे हे गाव नावाजले. पूजा प्रसाद, ओम दमानी आणि मिलिंद सोहनी यांनी तिथल्या शेततळ्यांचा अभ्यास केला. प्लास्टिकचे अस्तर घातलेली ही तळी विहिरींचे पाणी उपसून भरली जातात. एकट्या शेतकऱ्याला त्यातून उन्हाळ्याची शाश्वती मिळते. तळ्यांची संख्या वाढत गेली की मात्र सगळ्यांच्या खडकातले सामाईक पाणी आधीच उपसले जाते. शिवाय उघड्या तळ्यातून वर्षभरात दीड मीटरहून जास्त पाणी वाफ होऊन उडून जाते. गावाने शेततळी किती आणि कोणत्या पाण्याने भरावीत, हे ठरवायला असा अभ्यास लागतो. अनुदानाच्या अर्जात तो प्रश्नच नसतो.

ताळेबंदाची एक बाजू आजही कच्ची आहे. उपग्रहाला पीक दिसते, पर्जन्यमापकाला पाऊस दिसतो. कोणत्या विहिरीवर किती अश्वशक्तीची मोटर आहे, ती रात्रीच्या विजेवर किती तास चालते, नवी बोअर कुणी आणि किती फूट घेतली, हे गावालाच माहीत असते. ही माहिती गावकऱ्यांनी विश्वासाने सांगितली, तरच उपशाचा रकाना खरा भरतो. त्यासाठी विद्यार्थ्यांनी पारावर बसायला हवे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायला हवे. एकदाच येऊन प्रश्नावली भरून गेलेल्यांना गाव मोटरचे तास सांगत नाही.

पावसाळा संपताच हा ताळेबंद ग्रामसभेपुढे यायला हवा. शिल्लक कमी दिसली तर गव्हाऐवजी हरभरा किंवा ज्वारी घेता येते आणि मोसंबीच्या बागांसाठी काही पाणी राखून ठेवता येते. २०१२ च्या दुष्काळात या भागातल्या कितीतरी मोसंबी बागा वाळून गेल्या. हा निर्णय ऑक्टोबरमध्ये, विहिरी काठोकाठ दिसत असतानाच घ्यावा लागतो, कारण फेब्रुवारीपर्यंत गहू ओंबीवर आलेला असतो.