राहत्या खोलीचें नवें रूप

दसरा उलटला कीं मध्यम स्थितींतील घरांतून एक जुना विषय पुन्हा निघतो. भिंतींचा रंग विटलेला असतो, पडदे उन्हानें पिवळे पडलेले असतात, दिवाळीस पाहुणे यावयाचे असतात, आणि हातांतील रकमेंत काय काय बसवावयाचें याचा खल रात्रीं जेवणें आटोपल्यावर सुरू होतो. नवें घर सजविणें तुलनेनें सोपें. तेथें पैसा हाच काय तो प्रश्न. राहत्या घराची गोष्ट निराळी. तेथील प्रत्येक वस्तु कोणाच्या तरी सवयीची झालेली असते. म्हणून अशा खोलीला नवें रूप द्यावयाचें तर पैशांच्या आधीं माणसांचा हिशेब मांडला पाहिजे, असें आमचें मत आहे. तो नीट मांडला म्हणजे खर्चहि बराचसा खालीं येतो.

उदाहरणासाठीं एक अगदीं परिचित खोली घेऊं. पुणें, ठाणें, नाशिक अशा शहरांत १९७० ते १९९० या काळांत उभ्या राहिलेल्या इमारतींतील ती बाहेरची खोली. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. एका भिंतीशीं दिवाण, दुसरीशीं काचेचें कपाट व त्यांत कधींहि न वापरलेले चहाचे पेले, खालीं मोझाइकची फरशी, दारांवर तैलरंगाचे तीन-चार थर. सकाळीं ती बैठकीची खोली असते, दुपारीं मुलांची अभ्यासिका, आणि रात्रीं घरांतील वडीलधाऱ्या बाईंची निजण्याची जागा. चित्रांतून पाहिलेला दिवाणखाना अशा खोलींत आणून बसवूं म्हटलें तर तो बसत नाहीं. आणि हट्टानें बसविला तर माणसांना बाहेर पडावें लागतें.

“सासूबाई महिनाभर लेकीकडे गेल्या आहेत, तेवढ्यांत खोली पालटून टाकूं, परत आल्या कीं त्यांना आनंदच होईल,” हा बेत पुष्कळ घरांत शिजतो. हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. परंतु वृद्ध माणूस रात्रीं उठतें तें डोळ्यांच्या भरंवशावर उठत नसतें. दिवाणाच्या कडेला हात, मग कपाटाचा कोपरा, मग दाराची चौकट, अशी त्याची वाट ठरलेली असते. ती एका दिवसांत मोडली तर पडण्याचें भय फार; आणि त्या वयांत खुब्याचें हाड मोडलें म्हणजे पुनः पूर्वीसारखें हिंडणें-फिरणें अनेकांच्या नशिबीं येत नाहीं. शिवाय मानाचाहि प्रश्न आहे. जिनें त्या खोलींत संसार केला, तिला परत आल्यावर आपलीच पाणी पिण्याची लोटी कोठें ठेविली आहे हें सुनेला विचारावें लागावें, याला आम्ही सजावट म्हणणार नाहीं.

त्यापेक्षां आधींच विचारावें कीं, “आई, यांतलें काय काय हलवायचें नाहीं?” उत्तर बहुधा आपण भितों त्याहून पुष्कळ आखूड असतें. दिवाणाची जागा, पोथीचा कोनाडा, उशाशीं दिव्याचें बटण. एवढें राखलें कीं बाकीची मोकळीक मिळते. पेल्यांचें कपाट तर पुष्कळदां कोणालाच नको असतें. तें दुसऱ्याला हवें आहे अशा समजुतीनें प्रत्येकजण सांभाळीत असतो! खोलींतील सगळें सामान दोन दिवस बाहेर काढावें आणि ज्याची अडचण भासेल तेंच परत आंत न्यावें. या एका उपायानें, दमडी न खर्चतां, खोली जेवढी नवी दिसते तेवढी पुढच्या कोणत्याहि खर्चानें दिसत नाहीं. मात्र दिवाणापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेंत सतरंजीची दुमडलेली कड किंवा नवें तिपाई-टेबल येतां कामा नये.

मग भिंती. येथें घाई करणारे पैसे दोनदां खर्च करितात. भिंतीला लोणा लागला असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर वर कितीहि भारी रंग चढविला तरी पुढच्या पावसाळ्यांत तो फुगून येणारच. ओल कोठून येते हें ठरविण्याची सोपी रीत अशी: हातभर चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीवर घट्ट बसवावा व दोन दिवसांनीं पाहावा. कागदाच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतींतून येत आहे. बाहेरच्या बाजूस दिसले तर खोलींतील दमट हवेचा तो परिणाम आहे. पहिल्या प्रकारांत गवंडी किंवा नळवाला आधीं, रंगारी मागाहून. दुसऱ्या प्रकारांत खिडकी उघडी ठेवणें व कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें ओढणें एवढेंहि कित्येकदां पुरतें.

रंगाचा हिशेब घरच्या घरीं करावा. वरील खोलीच्या चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट भरतात. दारें-खिडक्यांचे ६० वजा केले कीं ३८० उरतात. त्या साऱ्या रंगवावयाची ऐपत या वर्षीं नसेल तर छत तेवढें पांढरें करून घ्यावें. छताचें क्षेत्र १२० चौरस फुटांचेंच, परंतु दिव्याचा व खिडकीचा उजेड तेथून परतून खोलीभर पसरतो, आणि स्वच्छ पांढरा पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकीं सुमारें ८० टक्के उजेड परत फेंकतो. एखादीच भिंत गडद रंगविण्याची जी चाल पडली आहे तिच्याविषयीं आमचें फारसें अनुकूल मत नाहीं. लहान खोलींत ती उजेड खाते. चुना स्वस्त असला तरी जुन्या तैलरंगावर तो धरत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

दारांच्या बाबतींत मात्र थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण येथें प्रश्न रुपयांचा नाहीं, मुलांच्या प्रकृतीचा आहे. पूर्वीच्या तैलरंगांत शिसें पुष्कळ असे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. म्हणजे त्यापूर्वीं रंगविलेलें दार संशयास्पदच समजावयाचें. असें दार कोरड्या पॉलिश पेपरनें घासलें कीं बारीक धूळ उडते, ती फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे पोटांत जाते. शिशानें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि गर्भवती स्त्रियांनींहि त्यापासून दूरच राहावें. जुना थर घट्ट असेल तर तो उकरूं नये; पाण्यानें भिजवून पाण्याच्या पॉलिश पेपरनें हलकेंच घांसावा, ओल्या फडक्यानें पुसावा, व वर नवा हात द्यावा. काम चालूं असतां मुलांना दुसऱ्या घरीं पाठवावें, आणि धूळ झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानेंच टिपावी.

फरशी बदलण्याचा विचार बहुतेकांनीं सोडून द्यावा. मोझाइकच्या लाद्यांत संगमरवराची खडी असते. यंत्रानें घासून पॉलिश केली कीं चाळीस वर्षांपूर्वीचे रंग पुन्हा वर येतात, आणि नव्या लाद्यांच्या मानानें खर्च पुष्कळच कमी येतो. एवढें पथ्य पाळावें कीं, संडास धुण्याचें अॅसिड, लिंबू किंवा व्हिनेगर या फरशीवर कधींहि ओतूं नये. संगमरवर आम्लानें विरघळतो व चकाकी कायमची जाते.

उजेडाविषयीं आपल्या घरांत विलक्षण कंजुषी दिसते. छताच्या मधोमध एकच दिवा, आणि त्याच्याखालीं वाचणाऱ्याची सावली पुस्तकावर! वय वाढतें तसें डोळ्यांत शिरणारा उजेड घटत जातो. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशींतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच पोंचतो. पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड हल्लीं ९ वॅटचा एल्. ई. डी. दिवा देतो. तेव्हां दिवाणाच्या उशाशीं एक व मुलाच्या टेबलावर एक, असे दोन दिवे वाढविले तरी विजेच्या बिलाला ते जाणवत नाहींत. दिवा घेतांना खोक्यावरील आंकडा पाहावा: २७०० ते ३००० केल्व्हिन म्हणजे पिवळसर, निवांत उजेड, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. बैठकीला पहिला बरा, आणि जुन्या सागवानाची तांबूस झांक त्यांतच दिसते.

पडद्यांसाठीं बाजारांत जाण्यापूर्वीं ट्रंक उघडावी. एक नऊवारी सुती लुगडें म्हणजे २७ फूट कापड. पांच फूट उंचीच्या खिडकीला दुमड धरून साडेपांच फुटांचा एक तुकडा लागतो. चार तुकडे निघाले कीं दोन खिडक्या झाल्या, आणि उरलेल्या पांच फुटांत उशांचे दोन अभ्रे बसतात. इरकलीचे कांठ पडद्याच्या खालच्या कडेस फार शोभून दिसतात. मागें मांजरपाटाचें अस्तर लावल्यास रंग टिकतो. रेशमी लुगडें मात्र उन्हाच्या खिडकीस लावूं नये. उन्हानें रेशीम कुजतें आणि दोन-तीन उन्हाळ्यांत हातांत येतें. आणि लुगडें ज्यांचें असेल त्यांना विचारल्याखेरीज कात्री लावूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

पूर्वजांचीं छायाचित्रें छताजवळ खिळ्याला टांगण्याची जुनी रीत आहे. तीं खालीं आणावींत. तसबिरीचा मध्य जमिनीपासून सुमारें पांच फुटांवर आला कीं नातवंडांना पणजोबांचा चेहरा तरी दिसतो. पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीवर तीं लावूं नयेत. दुसऱ्या भिंतीवरहि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे पातळ तुकडे चिकटवावे, म्हणजे हवा खेळती राहते. मूळ चित्राची प्रत काढून ठेविल्यास उत्तमच.

रंगारी गेल्यावर डब्यांत तळाशीं रंग उरतो. तो फेंकूं नये. तोंडापर्यंत भरेल अशा लहान बरणींत ओतून झांकण घट्ट लावावें आणि वर रंगाचा क्रमांक, कंपनीचें नांव, तारीख व कोणत्या भिंतीचा तें लिहून ठेवावें. पुढच्या खेपेस खिळ्याचीं भोकें बुजविल्यावर तेवढाच रंग पुरतो.