शाळेतल्या कपाटाला कुलूप

शाळेत पुस्तकांचे एक कपाट असते. त्यात गोष्टींची पुस्तके असतात. थोरांची चरित्रे असतात. शेतीची, आरोग्याची माहिती असते. एके दिवशी गावातला कोणी वजनदार माणूस शाळेत येतो. एका पुस्तकावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "गुरुजी, हे पोरांच्या हाती देऊ नका."

गुरुजी एकटे. ते परगावचे. त्यांना कटकट नको असते. पुस्तक वरच्या फळीवर जाते, मग कुलपात जाते. गावाला काही कळतच नाही. मग बोलणार कोण?

तुम्ही म्हणाल, एका पुस्तकाचे ते काय एवढे? पण आपल्या भागाला हे कुलूप नवे नाही.

१९४८ सालापर्यंत आपले राणीसावरगाव, गंगाखेड, सारा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, पण कचेरीत उर्दू आणि वरच्या शिक्षणातही उर्दू. लोकांनी स्वतःची शाळा काढायची म्हटली तर परवानगी लागे. सभा घ्यायची तरी परवानगी. सभेच्या त्या हुकमाला लोक 'गश्ती निशान ५३' म्हणत. आजही एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तो आकडा ठाऊक असेल. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' नावाचे साप्ताहिक काढले. ते पुण्यात काढले, कारण इथे काढणे कठीण. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले आणि पत्र पुन्हा काढले. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव! असा तो खेळ चालला.

त्याच १९३८ सालच्या अखेरीची गोष्ट. औरंगाबादच्या कॉलेजातली मुले वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत. ते कॉलेज उस्मानिया विद्यापीठाचे. वरून हुकूम आला, हे गाणे म्हणायचे नाही. मुलांनी ऐकले नाही. संप झाला. हैदराबादच्या वसतिगृहातली मुलेही उठली. मग शेकडो मुलांची नावे काढून टाकली. गाणे कोणाला आवडते, कोणाला नाही, तो वेगळा प्रश्न. हुकमाने तोंड बंद करता येते का, हा तिथला प्रश्न होता.

आता ही मुले जाणार कुठे? संस्थानात त्यांना दारे बंद. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकायला धाडलेली पोरे ती. तेव्हा नागपूर विद्यापीठाने दार उघडले. तिथले कुलगुरू केदार यांनी मुलांना प्रवेश दिला. त्यांतच पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. ते मराठवाड्याचे नव्हेत, तेलंगणाचे. म्हणजे पाहा, मराठी पोरे, तेलुगू पोरे आणि दूरचे नागपूरचे विद्यापीठ, अशी ही जोड जमली. एकट्या औरंगाबादची मुले भांडली असती तर त्यांचे शिक्षण बुडाले असते, असे आम्हांला वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राज्य संपले. कुलूप मात्र संपले नाही. आपल्याच राज्यातही ते कधी कधी लागते.

महाराष्ट्र सरकार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सगळे लेखन छापते. १९८७ साली त्याचा चौथा खंड निघाला. त्यात राम आणि कृष्ण यांच्याविषयी एक प्रकरण होते. काही लोकांना ते खटकले. त्यांनी ओरड केली, पुस्तकाची पाने जाळली. ते प्रकरण गाळायचे असे सरकारने ठरवले. तेव्हा दलित चळवळीतले वेगवेगळे गट एक झाले. एरवी या गटांचे आपसात पटत नव्हते. पण बाबासाहेबांचे लिहिलेले गाळायचे नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळे जमले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत फार मोठा मोर्चा निघाला. मग बोलणी झाली आणि तोड निघाली. प्रकरण पुस्तकात राहील. मात्र ही मते सरकारला मान्य असतीलच असे नाही, अशी सूचना सोबत छापायची.

आम्हांला ही तोड फार शहाणपणाची वाटते. ज्याला पटत नाही त्याने "पटत नाही" असे लिहावे. पान फाडायचे कशाला?

आता आपल्या गावाकडे या. एखाद्या बापाने "हे पुस्तक माझ्या लहान पोराला देऊ नका" म्हटले, तर तो त्याचा अधिकार. लहान मुलाला थोराचे पुस्तक देऊ नये, हेही खरे. पण "कोणाच्याच पोराला देऊ नका" असे तो म्हणू लागला, की ती सगळ्या गावाची बाब झाली. सरकारला पुस्तक जप्त करायचे असले, तरी कायद्याने कारणे लिहून जाहीर करावे लागते. त्यावर दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागता येते. जे सरकारला असे नियमाने करावे लागते, ते गावातल्या एका माणसाने तोंडी हुकमाने कसे करावे?

म्हणून पहिले काम म्हणजे विचारणे. कपाट बंद दिसले की लगेच गुरुजींवर धावून जाऊ नका. पुष्कळदा कारण साधे असते. पुस्तक हरवले तर भरपाई कोण करणार, या भीतीनेच कपाट बंद राहते. तसे असेल तर चार पालकांनी पुस्तके देण्याघेण्याचे काम अंगावर घ्यावे. कुलूप आपोआप निघते.

कारण दुसरे असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती आली. तिच्यात चारांत तीन जण पालक असले पाहिजेत. निम्म्या बाया असल्या पाहिजेत. बायांनी तिथे नुसते बसून राहू नये. जनाबाई आपल्या गंगाखेडच्याच. दळणकांडण करता करता त्या साक्षात विठ्ठलाशी भांडल्या. मग समितीत बोलायला कसली भीती? शाळेला ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके हवीत, असे याच कायद्यात लिहिले आहे. तेव्हा पुस्तक मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

समितीत जाताना एकटे जाऊ नका. गाव करी ते राव न करी. पण नुसती आपल्या आळीची, आपल्या जातीची माणसे नेली, तर समोरचा म्हणेल, "हे यांचेच भांडण आहे." सगळ्या वस्त्यांतली माणसे घ्या. भजनी मंडळातला एखादा, बचत गटातल्या बाया, जवळच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, निवृत्त गुरुजी, कॉलेजात जाणारी पोरे, मशिदीतले जाणते, बौद्ध वाड्यातले जाणते, सगळे घ्या. सगळ्यांना ते पुस्तक आवडलेच पाहिजे असे नाही. आधी सर्वांनी ते वाचावे मात्र. न वाचता भांडणारे दोन्ही बाजूंना असतात, आणि त्यांचाच आवाज मोठा असतो.

बैठकीत ज्याची तक्रार आहे त्यालाही बोलवा. त्याचे म्हणणे लिहून घ्या. पुस्तक कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले, हे वहीत उतरवायला सांगा. शाळा सरकारी असून कोणी उत्तर देत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये लागतात. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. एकदा गोष्ट कागदावर आली, की तोंडी हुकूम देणारा निम्मा माघार घेतो.

पुस्तक कपाटात परत आले, की पहिल्याच दिवशी कोणीतरी ते घरी न्यावे. समितीतली एखादी आई नेईल तर फारच चांगले. नोंदवहीत तिने स्वतः सही करावी, अंगठा नव्हे. रात्री घरात मोठ्याने वाचावे. शेजारीपाजारी येऊन बसतील. आठ दिवसांनी पुस्तक परत द्यावे आणि दुसरे घ्यावे.