खाजेचा तपास

त्वचेवर पुरळ नाही, चट्टा नाही, आणि तरीही अंग अष्टौप्रहर खाजते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाची केवळ कातडी पाहून सुज्ञ वैद्य दप्तर बंद करीत नाही. कारण यकृतातील पित्ताचा अवरोध, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, थायरॉइडचा बिघाड, क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोगही प्रथम खाजेच्याच रूपाने वर्दी देतो. उतारवयात मात्र बहुधा त्वचेचा रुक्षपणाच कारण निघतो, आणि तेथे कढत पाण्याचे स्नान सोडून, अंग ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन चोळल्याने पुष्कळ काम भागते.

रात्री अंथरुणात शिरताच वाढणारी आणि घरातील दोघातिघांना एकदम जडलेली खाज ही बहुतेक खरूज होय. १६८७ साली बोनोमो या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ज्याचे वर्णन केले, त्या अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान किड्याची मादी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेशी कातडीत बारीक बोगदा खणून अंडी घालते. ५ टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत लावून सकाळी धुवावे, आठवड्याने पुन्हा लावावे, आणि घरात ज्याला खाज नाही त्यानेही लावावे. हे शेवटचे कलमच बहुतेक कुटुंबांत अमलात येत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते, म्हणून घाबरून मलम रोज चोपडू नये.