भेंडीच्या पानाचा कापूस

परभणीच्या काळ्या रानात देशी कापूस आणि अमेरिकन कापूस ओळखायला बोंड धरायची वाट बघावी लागत नाही. बहुतेक वेळा पान पुरतं. देशीचं पान बहुधा खोल चिरलेलं, बोटं फाकलेल्या पंजासारखं. अमेरिकनचं रुंद, उथळ चिरांचं. पण ‘पानाचा आकार वेगळा’ म्हणा, समोरचा विचारतो, मोठं की लहान? मराठीत ‘आकार’ दोन्हीकडे राबतो. ‘आकारमान’ म्हणावं, तर शाळेत ते घनफळाला दिलेलं.

हेच स्पॅनिशमध्ये सांगायचं तर अडचण उलटी, तिथे शब्दांची गर्दी. लहानमोठेपणा ‘तामान्यो’, घडण ‘फोर्मा’. त्रिकोण-चौकोन ‘फिगुरा’. वस्तूभोवती फिरणारी रेघ ‘कोन्तोर्नो’. तीच आतून काळी भरली की ‘सिलुएता’. हा शब्द एत्येन द सिलुएत या 1759 सालच्या फ्रेंच अर्थमंत्र्याच्या आडनावावरून आला. बाजूने दिसतो तो ‘पेरफिल’, माणसाच्या चेहऱ्याचा तसाच विहीर खणताना दिसणाऱ्या मातीच्या थरांचाही. आपल्याकडे कड, काठ, किनार हे शब्द आहेत, पण ते नदी आणि लुगड्यापाशी रमले. ‘रूपरेषा’ तर कधीच कार्यक्रमपत्रिकेत जाऊन बसली.

लहानमोठेपणा की कड, ही शब्दांची निवड करावीच लागते, कारण निसर्गात कड स्वतंत्रपणे बदलू शकते. अमेरिकन कापसाच्याच काही वाणांचं पान खोल चिरलेलं असतं. तिथे ऊन खालच्या फांद्यांपर्यंत पोचतं, वारा खेळतो, ओल लवकर वाळते. म्हणून बोंडसड कमी. 2017 मध्ये संशोधकांनी यामागचं जनुक नेमकं दाखवलं. चिरलेल्या पानात त्या जनुकाच्या आधीच्या, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागातला डीएनएच्या 133 अक्षरांचा तुकडा दोनदा येतो आणि जनुक जास्त जोरात चालतं. रुंद पानात त्याच जनुकातली 8 अक्षरं गळालेली, त्यामुळे प्रथिन अर्धवट राहतं. एवढ्याने पानाच्या कडेची सगळी वळणं बदलतात.

या पानाचं नाव मात्र शब्दांच्या घोळात पडलंच नाही. सरळ ‘ओक्रा लीफ’, म्हणजे भेंडीचं पान. ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण देणाऱ्या जिल्ह्याला ते समजावून सांगायला नको. भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळे नाव नुसतं चपखल नाही, नात्यातलंही आहे.

फरक घरी मोजता येतो. आलेखाच्या वहीवर दोन्ही पानं ठेवून पेन्सिल फिरवा, आतले चौकोन मोजा: हे क्षेत्रफळ. मग रेघेवर दोरा लावून त्याची लांबी घ्या: ही कड. क्षेत्रफळाला 4π ने गुणून लांबीच्या वर्गाने भागा. वर्तुळाला 1 येतो, चौरसाला सुमारे 0.79. चिरलेलं पान रुंद पानाच्या बरंच खाली उतरतं, आणि पान मोठं की लहान याचा त्या आकड्याशी काही संबंध राहत नाही.